‘खरी गोठ’चा पाचवा अंक

माझा भाचा मोबाईलवर बातम्या चालवतो. नळ फुटला की हा तिथं उभा, वाघ दिसला की हा तिथं उभा, आणि वाघ नाही दिसला तरी हा उभाच. परवा चंद्रपुरात एका कार्यक्रमात त्यानं चारचौघांत माझी ओळख करून दिली, "ही माही आत्या. आमच्या भागातली पहिली लेडीज पत्रकार. कंप्युटर नव्हते तेव्हा स्वतःचा पेपर काढे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला खुर्चीखाली शिरावंसं झालं. त्या पोराला एवढंच माहीत आहे की आत्या पेपर काढायची. तो बंद का पडला हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि आमच्या घरात तो विषय कोणी काढत नाही. आता साठीच्या दाराशी येऊन बसले आहे. एकदा लिहून टाकते.

आमचं घर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यात, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. गोंडपिपरीहून येणारी एस.टी. फाट्यावर सोडायची, तिथून पाऊण तास पायी. दारात बाबा जाळं घेऊन बसलेला असायचा. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचा आणि दुसऱ्या टोकाशी फाटलेले डोळे विणत राहायचा. जाळं सरकलं की त्याला लावलेल्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर आपटायच्या. तो बारीक आवाज आमच्या घरात दिवसभर चालायचा, त्यामुळं तो थांबला की माय आतून विचारायची, "उठला का वो तुहा बाबा?" मायचं राज्य चुलीजवळ. भात तर रोजचाच. त्यावर कधी चिंचेच्या कोळातला मासोळीचा रस्सा, कधी वाळलेल्या झिंग्यांची चटणी. झिंगे तव्यावर पडले की त्या वासानं शेजारची दोन-चार पोरं आपोआप आमच्या अंगणात खेळायला यायची. माय त्यांना हाकलायची नाही. भात वाढवायची आणि वर तोंडानं बोलायची, "या बापा या, तुमच्या बापाचंच घर हाय." आमच्याकडे देणं असंच होतं, शिव्या घालत. गोड बोलून दिलेलं कोणाच्या गळ्याखाली उतरत नसे. हे मला तेव्हाच नीट कळायला हवं होतं.

बारावीत एका विषयानं दगा दिला आणि मी गोंडपिपरीला टायपिंग शिकायला जाऊ लागले. एका बोळातली खोली, सहा मशिनी, त्यातल्या दोन मराठी. सगळ्या एकदम चालू झाल्या की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटायचं. कोपऱ्यात फडकं टाकून झाकलेलं एक सायक्लोस्टाईल मशीन होतं. मेणकागदावर टाईप करायचं, चुकलं तर त्यावर लाल औषध लावून पुन्हा अक्षर मारायचं, मग तो कागद रोलरवर चढवून हँडल फिरवायचं. खर्र खट, खर्र खट, आणि एकासारखा एक छापील कागद बाहेर पडायचा. पहिल्यांदा ते पाहिलं त्या दिवशी मी जेवण विसरले. माझं लिहिलेलं शंभर ठिकाणी एकदम जाऊ शकतं! बाबाच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणाचं अक्षर शेजारच्या घरापर्यंत गेलं नव्हतं. टायपिंगचे सर एका पेपराचे बातमीदारही होते, आणि त्यांच्याकडे तहसिलीच्या अर्जांची गर्दी असे. त्यांचे अर्ज मी टाईप करून द्यायचे, त्याच्या बदल्यात सर महिन्यातून एकदा मशीन वापरू द्यायचे.

पेपराचं नाव ठेवलं ‘खरी गोठ’, म्हणजे खरी गोष्ट. एकच पान, दोन्ही बाजूंनी. संपादक मी, बातमीदार मी, आणि शाईनं काळे झालेले हात माझेच. वाटणारी मात्र कांता होती. कांता माझी लहानपणापासूनची मैत्रीण, आमच्या मागच्याच घरातली. बाप ती रांगत असतानाच गेला. घरात ती आणि तिची आई, दोघीच. चौथीतून शाळा सुटली होती, अक्षर जुळवत जुळवत एखादी ओळ वाचेल इतपतच. पण पेपराचा तिला माझ्यापेक्षा जास्त गर्व. तांदळाच्या पिठाची खळ शिजवायची, डब्यात घेऊन निघायची आणि फाट्यावरचा पानठेला, शाळेची भिंत, ग्रामपंचायतीचं दार, सगळीकडे अंक चिकटवून यायची. "कागद सरळ लावला ना वो म्या?" एवढंच विचारायची.

पहिल्या अंकात बंद पडलेल्या बोरिंगची बातमी होती. आठ दिवसांत बोरिंग सुधारलं. दुसऱ्या अंकात एस.टी. आमच्या फाट्यावर मनात येईल तेव्हाच थांबते असं लिहिलं, तर ड्रायव्हर थांबून वर विचारू लागला, "पेपरवाली कोनती?" झालं! मी चढले हरभऱ्याच्या झाडावर. चालताना वही हातात, कानामागे पेन. बाया मला पाहून बोलणं थांबवायच्या आणि मला वाटायचं, काय वजन आहे बापा आपलं! आज कोणी मला पाहून बोलणं थांबवलं तर मी आधी घाबरेन.

झाडावरून खाली ओढणारा एकच माणूस होता, गंगारामभाऊ. आमच्या मच्छीमार सोसायटीचा मुखिया. काळा, लांब, कमी बोलणारा. एकदा पाळीवर मी वही घेऊन उभी राहिले तर सगळ्यांसमोर म्हणाला, "पोट्टे, कागदानं मासोळी नाई धरल्या जात." सगळे हसले. माझा बाबाही हसला. साधी चेष्टा होती, आमच्याकडे रोज होते तशी. पण माझ्या ती नाकाला झोंबली. घरी येऊन मी भात ताटात टाकून उठले आणि मनाशी म्हटलं, थांब गंगाराम, तुला दाखवते. लोक मला विचारतात, लिहायची प्रेरणा कुठून मिळाली. पाचव्या अंकाची प्रेरणा ही अशी मिळाली.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मोठं जाळं पडायचं. सगळा मोहल्ला पाळीवर. पुरुष जाळं ओढणार, बाया पाळीवर टोपली घेऊन बसणार. बाईनं मोठ्या जाळ्याला हात लावायचा नाही ही जुनी रीत. वाट्याचा नियमही जुनाच होता. ज्या घरचा माणूस जाळ्याला, त्या घराला वाटा. त्या वर्षी मी बातमी करायची म्हणून उजाडतानाच गेले. पहिली ओढ होऊन गेली होती, माणसं काळा चहा पीत बसली होती. आणि गंगारामभाऊ एकटाच, वजनाचा काटा लागायच्या आधी, टोपल्यात मासोळी भरत होता. वरून पळसाची पानं झाकली. तीन टोपली. एकेक घेऊन तो घरांच्या मागच्या बाजूनं निघाला. मी झाडांच्या आडून त्याच्या मागे. पहिलं टोपलं एका म्हाताऱ्या जोडप्याच्या परसात ठेवलं. दुसरं एका लंगड्या माणसाच्या. तिसरं कांताच्या परसात, चिंचेच्या झाडाखाली. कोणाला हाक नाही, दार वाजवणं नाही. ठेवलं आणि परत आला, जसा काही लघवीला जाऊन आला असावा.

चोरी! मुखियाच चोर! सर आम्हाला सांगायचे, बातमी विचारून मिळत नसते, पकडावी लागते. मी पकडली होती. बाबा तिथून तीस पावलांवर बसला होता. "बाबा, हे काय हाय?" इतकं विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. विचारलं नाही, कारण त्यानं काहीतरी साधं उत्तर दिलं असतं आणि माझी बातमी गेली असती. हे मला तेव्हा आतून कुठंतरी माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं नाही. चाळीस वर्षं झाली, मी स्वतःला अजून दुसरं कारण सांगू शकलेली नाही.

मथळा दिला, ‘तलावातल्या मासोळीले पाय फुटले!’ काटा लागायच्या आधी तीन टोपली मासोळी मुखियाच्या हातानं कशी गेली, सगळं लिहिलं. नावं घातली नाहीत. मी मोठी हुशार ना. शेवटी लिहिलं, ‘मासोळी कुठी गेली ते एका विधवेच्या परसातल्या चिचेले विचारा. तिले समदं दिसते.’ ही ओळ मला इतकी आवडली की मेणकागदावर टाईप करतानाच मी एकटी हसले. आमच्या मोहल्ल्यात परसात चिंच असलेली विधवा एकच होती. आणि एक माणूस उजाडता उजाडता विधवेच्या परसात गुपचूप काही ठेवून येतो याचा अर्थ गाव काय लावेल, हे एकोणीस वर्षांच्या पोरीला कळत नव्हतं असं मी म्हणत नाही. माझा रोख गंगारामभाऊवर होता, आणि त्याला लागतंय ना, मग दुसऱ्या कोणाला लागलं तरी चालेल, असं झालं होतं मला.

अंक कांताच्या हाती दिला. नेहमीसारखाच. तिला वाचायला वेळ लागतो हे मला माहीत होतं. तिनं खळीचा डबा उचलला, गठ्ठा काखेत मारला आणि सकाळभर फिरून आपल्या आईबद्दलचा तो कागद गावभर चिकटवला. पानठेल्यावर सरळ बसावा म्हणून तळहातानं दोनदा दाबला. मी थोडी लांब उभी राहून गर्दी मोजत होते. एकानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चिंचेच्या ओळीला ठेल्यावर असा हशा उठला की पानवाल्याच्या हातची सुपारी सांडली. कोणीतरी शीळ घातली. "तरीच म्हनलं, गंगारामभाऊ काऊन बोलत नाई कोनाशी!" कांता तिथंच उभी होती, खळीचे हात घेऊन. आधी तीही थोडी हसली, सगळे हसतात म्हणून. मग हसायची थांबली. माझ्याकडे आली आणि डबा माझ्या पायाशी ठेवला.

"शोभा, हे कोनाचं लिवलं वो?"

"गंगारामभाऊचं."

"चिच तं आमच्या घरी हाय," ती म्हणाली, आणि घरी गेली.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाबा दारात नव्हता आणि जाळं गुंडाळून ठेवलेलं होतं. माय चुलीसमोर, पाठमोरी. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"वाचून दाखवलं मले शेजारनीनं," माय म्हणाली. "चोरी म्हनते तू तेले?"

"मग काय म्हनू? वाट्याच्या आधी मासोळी उचलली त्यानं. माह्या डोळ्यानं पाह्यलं म्या."

"डोळेच हायेत तुले फक्त!" माय वळली. तिचे डोळे सुजले होते. "जेच्या घरी जाळं ओढाले मानूस नाई, तेच्या घरी पयल्या ओढीचं टोपलं जाते. तुह्या आज्याच्या आधीपासून जाते. कोनी बोलत नाई, कोनी पाहत नाई. घेनाऱ्याले मान खाली घालाले लागू नये म्हनून तो मागून जाते, समजलं का? तुहा बाबा टायफाईडनं पडला होता त्या सालीबी आलं होतं टोपलं आपल्या परसात. तुनं खाल्लं, बाई. काटे काढून काढून चारलं म्या तुले."

मी जेवले नाही. माय जेव म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मला शहाणपण सुचलं, आणि ते पहिल्या मूर्खपणाहून वाईट होतं. पेपरात चूक झाली तर पेपरातच खुलासा करायचा, असं सर म्हणायचे. कधी एकदा सगळं धुऊन काढते असं झालं होतं. धावत गोंडपिपरी गाठली, सरांच्या हातापाया पडले, आणि सहावा अंक काढला. त्यात सगळी रीत समजावून सांगितली. ज्या घरांत कर्ता पुरुष नाही, जी घरं लाचार आहेत, त्यांना समाज कसा पोसतो. या वेळी नावंसुद्धा दिली, सन्मानानं, अगदी ‘श्रीमती’ वगैरे लावून. गंगारामभाऊची जाहीर माफी मागितली. कांता नव्हती, तेव्हा खळ मीच शिजवली आणि गावभर मीच चिकटवत फिरले. रडत रडत. मला वाटत होतं लोक म्हणतील, पोट्टी चुकली पण खरी आहे.

तिसऱ्या प्रहरी कांताची आई आमच्या दारात आली. हडकुळी बाई, नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण. कधी आवाज चढवणारी नव्हती. त्या दिवशीही चढवला नाही. मी उठून उभी राहिले.

"पयले चोर म्हटलं," ती म्हणाली, "आता भिकारी म्हटलं. अजून काही लिवाचं राह्यलं का वो, पोरी?"

मायनं तिला बस म्हटलं. ती बसली नाही. पदराखालून एक रिकामं टोपलं काढून तिनं आमच्या ओट्यावर ठेवलं. "गंगारामभाऊले देजा. माह्याकडून आता जावत नाई तेच्या दारात." आणि ती निघून गेली. टोपलं बाबानं नेऊन दिलं. गंगारामभाऊनं मला शिवी दिली नाही, माझ्या बाबाशी बोलणं तोडलं नाही. पुष्कळ दिवसांनी पाळीवर भेटला तेव्हा इतकंच म्हणाला, "बोलत नव्हतो ना, म्हनून चालत होतं बाई ते."

‘खरी गोठ’ तिथं संपली. सरांनी पुष्कळ समजावलं, पत्रकाराला कातडी जाड ठेवावी लागते म्हणाले. माझी कातडी जाड झाली नाही आणि ते बरंच झालं. कांता त्यानंतर आमच्या अंगणात आली नाही. पुढं तिचं लग्न सिरोंचाकडे झालं. मधे एकदा गडचिरोलीच्या स्टँडवर दिसली, कडेवर नातू. मी समोर जाऊन उभी राहिले. "जेवली का?" तिनं विचारलं, अनोळखी पाहुण्याला विचारतात तसं. मी हो म्हटलं. तिची गाडी लागली होती.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या उन्हाळ्याचं. जाळं पडायचा दिवस आला. मी जाणार नव्हते, मायनं नेलं, "तोंड लपवून किती दिवस बससीन?" म्हणून. पहिली ओढ झाली. गंगारामभाऊनं टोपली भरली नाहीत. भरली असती तरी घेणार कोण होतं? त्या लंगड्या माणसानं आधीच निरोप धाडला होता, आमच्या दारी कोणी काही ठेवू नये. म्हातारं जोडपं लेकीकडे निघून गेलं होतं. पुरुष दुसऱ्या ओढीसाठी पाण्यात उतरले, आणि तेवढ्यात कांताची आई पाळीवरून खाली आली. लुगड्याचा काचा घट्ट मारलेला. पाण्यात शिरली, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत, आणि तिनं मोठ्या जाळ्याची दोरी धरली.

सगळे थांबले. बायांनी तोंडाला पदर लावले. कोणीतरी म्हणालं, "बाई, हे काय लावलं?" तिनं दोरी सोडली नाही. सगळे गंगारामभाऊकडे पाहू लागले. त्यानं आपल्या हातातली दोरी ताणून धरली. मग म्हणाला, "चाला. ओढा." आणि सगळ्यांनी ओढलं. दोरीनं तिचे तळहात सोलून निघत होते, दोनदा पाय घसरून ती गळ्यापर्यंत पाण्यात गेली, आणि दोन्ही वेळा कोणी हात दिला नाही, कारण तिनं तसं पाहिलंच नाही कोणाकडे. ती दिवसभर होती. शेवटी वाटे पडले तेव्हा तिचा वाटा सगळ्यांसारखा, सगळ्यांसमोर पडला. तेवढाच. पाटीत मासोळी घेऊन, चिखलानं माखलेली ती पाळीवर चढली, आणि सरळ माझ्यासमोर येऊन थांबली. हाताला खवले चिकटले होते.

"काऊन वो, कागद नाई आनला आज?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"आता लिव ना. आता लिव, जाळं ओढलं म्हनून." तिनं पाटी दुसऱ्या कमरेवर घेतली. "अन् कांताची माय नोको लिवू. विधवाबी नोको लिवू. नाव हाय मले."

मी लिहिलं नाही. घरी जाऊन वही काढली, पेन उघडलं, आणि हात उचलला नाही. वर्षभरापूर्वी नको तिथं तिचं नाव गावभर चिकटवत फिरले होते, आणि तिनं स्वतः मागितलं त्या दिवशी मी भ्याले. ती दहा उन्हाळे जाळं ओढत होती, मग गेली. मी तेव्हा चंद्रपुरात होते. कोणत्याच कागदावर ते आलं नाही.

तिचं नाव अनुसया होतं. अनुसया तुकाराम नान्हे. आमच्या तलावात मोठं जाळं ओढणारी पहिली बाई.